म्हशी कधी हलवायच्या?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्याही आधी येणारा प्रश्न म्हणजे, "किती फूट झालं?" कशाचे फूट, असं विचारणारा नक्की बाहेरगावचा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे दोन आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत नदीने ५५ फूटसुद्धा ओलांडले. तेव्हापासून तर ३५ झाले तरी लोकांची झोप उडते.

तर अशाच एका जुलैत आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर, म्हणजे इथल्याच लोकांनी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्रावर, आम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना बोलावलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि नंतर या केंद्रावर फुकट राबायला लागले, त्यामुळे असे कार्यक्रम माझ्या गळ्यात पडतात. साहेब अभ्यासू होते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे विजेशिवाय, नुसत्या पाण्याच्या भाराने कसे उघडतात ते त्यांनी फार सुंदर सांगितलं. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. हिशेब केला तर एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत बारा टँकर. स्टुडिओत मीच हरखून गेले.

मग फोन घेतले. पहिलाच फोन नदीकाठच्या एका गावातून.

"साहेब, तुमचं क्युसेक ऱ्हाऊ द्या. तिकडं ४३ झालं की माझ्या गोठ्यात पाणी कवा येतंय तेवढं सांगा. म्हशी कवा हलवायच्या?"

साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." रेडिओवर इतकं सरळ उत्तर मी क्वचित ऐकलंय. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा हा त्या एका जागेचा आकडा. प्रत्येक गावाची जमीन वेगळी, उतार वेगळा, ओढा वेगळा. खाली कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मग तोच आकडा जास्त दिवस आणि जास्त लांब पसरतो. शहरातही नदी थेट अंगावर येण्याआधी जयंती नाल्यातून पाणी मागे फिरतं आणि सुतारवाड्यातल्या लोकांना सगळ्यांच्या आधी बिऱ्हाड हलवावं लागतं. हे सगळं साहेबांनी सांगितलं, पण म्हशींचं उत्तर त्यात नव्हतंच.

ते आलं फोनवरून. एका म्हाताऱ्या आवाजाने सांगितलं की आमच्याकडं मसोबाच्या पाराला पाणी टेकलं की समजायचं, रात्र काढायची नाही. दुसऱ्याने सांगितलं, ओढ्याच्या मोरीतून पाणी उलटं यायला लागलं की मेहुण्याला फोन करायचा, ट्रॅक्टर पाठव म्हणून. एका बाईने विचारलं की जनावरं हलवायची ती ठीक, पण वैरण कोण हलवणार? साहेब कागद घेऊन लिहीत बसले. कार्यक्रमाची वेळ केव्हाच उलटून गेली होती आणि पुढचा भजनाचा कार्यक्रम वाट बघत होता. पुढे त्यांनी स्वतःहून दोन-तीन गावांत जाऊन त्या पाराची, त्या मोरीची उंची मोजून घेतली आणि बंधाऱ्यावरच्या आकड्याशी जुळवून पाहिली. खात्यात असताना हे का सुचलं नाही, असं मी विचारलं. "खात्यात कुणी म्हशीचं विचारत नव्हतं," म्हणाले.

मला सामुदायिक रेडिओबद्दल जे म्हणायचंय ते यातच आहे. आरोग्य, विज्ञान, समाज यांबद्दल सांगणाऱ्यांची आता वानवा नाही. मोबाइल उघडला की डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, हवामानवाले आहेत, आणि डॉक्टर नसलेले डॉक्टर तर ढिगाने आहेत. हे सगळे सांगतात आणि पुढे सरकतात. ज्याला सांगितलं तो "पण माझ्या गोठ्याचं काय?" म्हणून उलटा विचारू शकत नाही. आमच्या केंद्रावर विचारू शकतो, आणि उत्तर चुकलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून जाबही विचारू शकतो.

हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. कारण आमचा आवाज जातोच मुळी दहा-बारा किलोमीटर. सामुदायिक केंद्राला परवानगी साधारण १०० वॅटची आणि अँटेना जमिनीपासून तीस मीटरपर्यंत. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, टेकडी आडवी आली की थांबते. ज्योतिबाच्या डोंगरापलीकडच्या पाहुण्यांना आमचं केंद्र लागत नाही, त्यावरून "काय तुमचा रेडिओ!" अशी टिंगल मी पुष्कळ ऐकली आहे. पूर्वी मलाही वाईट वाटायचं. आता वाटत नाही. जिथवर आमचा आवाज जातो तिथवर आमचीच दूध डेअरी, आमचीच एसटी, आमचंच लग्नकार्य. रेडिओवर काहीतरी ठोकून दिलं आणि हात झटकले, असं करायला जागाच राहत नाही. एका डॉक्टरांनी "रोज दोन फळं खा" असं सांगितलं, तर आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशीने मला थांबवून विचारलं, "बाई, दोन फळं रोज म्हंजे महिन्याचं किती झालं, हिशेब केलासा का?" पुढच्या वेळी डॉक्टरांनी पेरू, चिंचेचा पाला, शेवगा, हरभऱ्याची भाजी अशी यादी आणली.

हा रेडिओ आपल्याला मिळाला तोही गमतीशीर वाटेने. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून भांडण लागलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला न्या. पी. बी. सावंत यांनी निकालात लिहिलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. भांडण क्रिकेटचं आणि दार उघडलं खेड्यापाड्यातल्या लोकांना. अर्थात दार करकरत उघडलं. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र, आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आली, बारामतीला वसुंधरा वाहिनी, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी. आज देशात पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. एवढं असून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच, "म्हंजे आकाशवाणीचंच का हे?"

आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुनी घोंगडी ठोकलेली, आवाज घुमू नये म्हणून. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये पाहुणा घामाने निथळतो, त्यामुळे बोलणं आपोआप आटोपशीर होतं. खोली उसाच्या रस्त्याला लागून आहे. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी काचेतून आत येतात. हृदयविकारावरच्या एका गंभीर मुलाखतीत मागे कुणाच्या तरी ट्रॉलीवरची लावणी आहे. ती काढता आली नाही, तशीच लावली. लोकांनी तो भाग पुन्हा ऐकवा म्हणून मागणी केली. हृदयासाठी की लावणीसाठी, ते मी विचारलं नाही.

सर्पदंशाचा कार्यक्रम मात्र पहिल्यापासून आमच्या हातात नव्हता, कारण त्यात लोकांनी डॉक्टरांना घामच फोडला. उसाच्या पट्ट्यात घोणस असते, घरात रात्री मण्यार शिरते, नाग सगळीकडेच, आणि माळावर-खडकाळीत फुरसं. हे चार मुख्य विषारी. घोडा, लस आणि विष यांची गोष्ट मी स्वतः सांगितली: विषाची थोडी थोडी मात्रा घोड्याला देत जायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं, ते शुद्ध करून कुपीत भरायचं, आणि या चारही सापांवर तेच एक औषध चालतं. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काही गरज नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येक वेळी दोनदा म्हणतो. सापाला मारायला थांबलेला माणूस वेळ घालवतो, आणि कधी कधी दुसरा चावाही ओढवून घेतो.

डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली ती मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून इतकी आवडली की मी ती पुढे शाळांतून सांगत फिरले. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी आडवी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणसीचं किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय, प्रतिविष लगेच सुरू करायचं. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही नको. कसलंही महागडं यंत्र लागत नाही, घड्याळ आणि धीर पुरतो. मण्यारीचं मात्र असं दिसत नाही. ती झोपेत चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. असं झालं की साप दिसला नाही म्हणून घरी बसायचं नाही.

मग मांत्रिकाचा विषय निघाला. डॉक्टर जरा रागावूनच बोलायला लागले, तर फोनवरचा एक जण म्हणाला, "पण सर, आमच्या चुलत्याला त्यानंच बरं केलं की!" डॉक्टरांनी राग आवरला. म्हणाले, केलं असेल. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही पुष्कळदा चावतो पण विष सोडत नाही. असे रोगी मांत्रिकाकडे नेले तरी बरे होतात, घरी बसले तरी बरे होतात. मांत्रिकाच्या नावावर ते जमा होतात, आणि मेलेला माणूस 'उशीर झाला' या नावावर. आमच्या सगळ्या अंधश्रद्धाविरोधी भाषणांपेक्षा हे हिशेबाचं बोलणं जास्त पोचलं, असं मला वाटतं.

आणि मग तो प्रश्न आला, जो कुठल्याच माहितीपत्रकात मी पाहिला नव्हता. "चावलेला माणूस हलवायचा नाही म्हंता. १०८ यायला येळ लागला तर? आमच्याकडं मोटारसायकल हाय. झोपवून कसं न्यायचं?" डॉक्टरांनी सांगितलं: गाडी चालवणारा पुढे, मागे धरणारा एक, आणि रुग्ण मधे. त्याने स्वतः गाडी चालवायची नाही, पळायचं नाही, चालायचंही नाही. पाय किंवा हात फळीने बांधायचा, हाड मोडल्यावर बांधतात तसा, पण आवळायचा नाही. ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. दोरी तर नकोच. दोरी आवळून आलेल्यांचे पाय काळे पडलेले त्यांनी पाहिले होते.

केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असंही राज्यांना कळवलं. चांगलं आहे. पण आमच्या कार्यक्रमात सगळ्यात लांबलेली चर्चा झाली ती शेतीच्या रात्रीच्या विजेवर. मोटारीला लाईट रात्री येते, म्हणून माणूस रात्री बारा वाजता पाणी पाजायला उसात शिरतो. डॉक्टर म्हणतात बॅटरी घ्या, बूट घाला, काठी आपटत चला. बरोबरच आहे. पण दिवसा लाईट द्या, असं कुठल्या डॉक्टरने लिहून द्यायचं?

मिरवणुकीतल्या डॉल्बीवरच्या कार्यक्रमाची हकिकत मात्र थोडक्यात सांगते, कारण त्यात आम्हाला यश आलं असं म्हणायची सोय नाही. शंभर वॅटचा रेडिओ हजारो वॅटच्या स्पीकरच्या भिंतीशी भांडतोय, यातच सगळं आलं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मी मुलांना सांगितलं की ५५ आणि १०५ या आकड्यांत दुपटीचाही फरक दिसत नाही, पण डेसिबलचा दर दहाचा टप्पा म्हणजे ऊर्जा दहापट. म्हणजे इथे फरक एक लाख पटीचा आहे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेसरचं सांगितलं. मिरवणुकीतला तो हिरवा किरण थेट डोळ्यात गेला तर मागच्या पडद्याला भाजल्यासारखी जखम होते, आणि त्याला चष्मा नाही. मंडळाचा एक कार्यकर्ता पोरगा आम्ही मुद्दाम बोलावला होता. गोड पोरगं. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळं पटलं. पण छातीत धडधडल्याशिवाय मिरवणूक आली असं वाटतच नाही." पटूनही न सुटणाऱ्या गोष्टी असतात. मी स्वतः चहात साखर दोन चमचे घेते.

सगळ्यात अवघड गेला तो हेरवाडचा विषय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. साऱ्या देशात आपल्या जिल्ह्याचं नाव झालं. आम्हाला वाटलं, आमच्या भागातल्या बायका यावर भरभरून बोलतील. भजनी मंडळाच्या बायका जमवल्या, मधे माइक ठेवला. कुणी बोलेना. सगळ्या म्हणाल्या, ठराव चांगला आहे. एवढंच. दहा मिनिटांत रेकॉर्डिंग संपलं.

माइक बंद करून चहा आला आणि मग बोलणं सुरू झालं. एक जण, पन्नाशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "बांगड्या काय, मी कवाच भरल्या. त्याला ठराव कशाला पायजे? संक्रांतीला हळदी-कुंकवाला बोलवत्यात का, ते इचारा की ह्यास्नी." आणि शेजारच्या बाईकडे बोट. शेजारची बाई बशीत बघायला लागली. मग दुसरी कुणीतरी सांगायला लागली की पोरीच्या लग्नात तिने स्वतः हळद लावली नाही, जावेने लावली. कुणी नको म्हणालं नव्हतं. तीच मागे सरकली.

हे सगळं माइक चालू असताना हवं होतं, हे आमच्या तंत्रज्ञ मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला तसं वाटलं नाही. आम्ही त्यांना विचारलं, हे पुन्हा बोलाल का? दोघी हो म्हणाल्या, बाकीच्या नाही. दोघींचं लावलं, नाव न घेता. दहा किलोमीटरात नाव न घेतल्याने काय होतंय म्हणा, आवाज ऐकून सगळ्यांनी ओळखलं. पुढच्या संक्रांतीला त्या पहिल्या बाईंना वाण देऊन दोन घरांतून बोलावणं आलं. एका घरी त्या गेल्या, दुसऱ्या घरी गेल्या नाहीत. का नाही गेल्या, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तिचा वाण लई हलका असतोय." हे आम्ही प्रसारित केलं नाही.

लोक आम्हाला विचारतात, असल्या अवघड विषयांत श्रोते टिकतात का? टिकतात, पण मधे मधे आनंदाचं काही लागतं. अंबाबाईच्या किरणोत्सवावरचा कार्यक्रम असाच आनंदाचा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. याच तारखा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य क्षितिजावर सगळ्यात दक्षिणेला मावळतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावरच्या एकाच ठिकाणी असतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परत येताना. देवळाची दिशा त्या ठिकाणावर धरलेली. सूर्य जसा खाली जातो तशी किरणं पायापासून वर चढतात. ढग, धूळ, हवेतली वाफ आणि वाटेतल्या इमारती यांनी काही वर्षी ती मधेच अडतात. एका आजोबांनी फोन करून सांगितलं की आयुष्यभर दर्शन घेतलं, पण देवळाबाहेर उभं राहून सूर्याकडे बघावंसं आजवर वाटलं नव्हतं.

तरी आमच्या पायात एक खोडा आहेच. नियमाप्रमाणे सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, हवामान, पूर, पाणीपुरवठ्याची सूचना देता येते, पण स्वतःची बातमी नाही. कागदावर हे साधं वाटतं. आता कावीळ घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यातून हेपॅटायटिस ईची साथ आली आणि माणसं दगावली. ही कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार जड जाते. त्यावर आम्ही दरवर्षी कार्यक्रम करतो. पाणी उकळा, हात धुवा. जलसुरक्षकाला बोलावून ओटी टेस्ट कशी करतात तेही सांगायला लावतो: नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे, पांढरंच राहिलं तर टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, पडलेलीच नाही. टाकीपाशी ठीक आणि शेवटच्या नळाला क्लोरिन गायब, तर वाटेत कुठेतरी पाइप फुटलाय. इथवर आम्ही विज्ञान सांगतो. कुठला पाइप, कुठल्या गटारीत, आणि किती दिवस झाले तक्रार करून, हे सांगितलं की ती बातमी होते. म्हणजे उकळायचं काम बाईचं, ते सांगायला परवानगी आहे. दुरुस्तीचं काम ज्याचं, त्याचं नाव घ्यायला नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या मनात काही का असेना, व्यवहारात तो असा वागतो.

आम्ही वाट काढतो. शेवटच्या नळाची ओटी टेस्ट श्रोत्यांनीच करावी आणि फोनवर फक्त रंग सांगावा: पिवळा की पांढरा. "अमुक गल्लीत आज पांढरा" एवढं वाक्य बातमीत बसत नाही, असं आमच्या समितीचं मत पडलं. ग्रामपंचायतीत मात्र ते बरोबर ऐकू जातं.

राहिला पैसा. तासाला बारा मिनिटं जाहिरातींची मुभा आता आहे, पण जाहिरात देणार कोण? मोठ्या कंपनीला दहा किलोमीटरचं काय कौतुक! सरकारी जाहिराती कधीतरी येतात, त्यांचे पैसे त्याहून कधीतरी. आपण होऊन दारात येतो तो एकच गिऱ्हाईक: साखर मुळापासून घालवणाऱ्या काढ्याचा. अशा जाहिरातींना १९५४ चा कायदाच आडवा येतो, त्यात मधुमेहाचं नाव आहे. आम्ही नाही म्हणालो, तेव्हा खजिनदार म्हणाले, "बाई, कायदा बरोबर हाय. पण लाईट बिल कायदा भरतोय का?" त्यांच्या बोलण्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी आणि ते दोघं मिळून लक्ष्मीपुरीत दुकानं फिरलो.

एका गमबूट, बॅटऱ्या, ताडपत्री विकणाऱ्या दुकानदाराने ऐकून घेतलं. सर्पदंशाचा कार्यक्रम पुन्हा लावा, मी पैसे देतो, म्हणाला. अट एकच. "दुपारी लावू नका. दुपारी बायका ऐकत्यात. रात्री आठला लावा, गडीमाणसं घरात असत्यात. बूट गड्यांनीच घालायचं न्हवं?" मी विचारलं, उसात भांगलण कोण करतं, वैरणीला वाकून गवत कोण कापतं? "बायका," म्हणाला. मग त्यांना साप चावत नाही का? "चावतोय की. पण बायकांच्या मापाचं बूट मी ठेवतच न्हाई, कुणी मागत न्हाई." कुणी मागत नाही, कारण मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत कारण कुणी मागत नाही, यावर काउंटरपाशी आमचा बराच वेळ वाद झाला. मधे दोन गिऱ्हाइकं ताडपत्री घेऊन गेली.

शेवटी कार्यक्रम दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा लावायचा ठरला, आणि त्याने पाच नंबरचे गमबूट मागवले, पहिल्या खेपेला चारच जोड. त्यातले दोन अजून दुकानातच आहेत, असं तो परवा कुरकुरत होता, आणि जाहिरात आणखी महिनाभर चालू ठेवा असं सांगून पैसे देऊन गेला.